एसी लावला की गाडीत कुबट वास, काय करावं?

पावसाळी पाहुणा
27 जून, रात्री 10:40

मंडळी, गेले तीन आठवडे एका वासाने डोकं उठवलंय. गाडी 2017 ची पेट्रोल हॅचबॅक, पहिला मालक मीच, 68 हजार किलोमीटर झालीय. राहतो पुण्यात, आईवडील चिपळूणला, त्यामुळे महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट ठरलेला. जूनच्या पहिल्या पावसानंतर एसी लावला की दोन-तीन मिनिटं असा भपकारा येतो की बायको खिडकी उघडते आणि पाऊस आत येतो. मग वास कमी होतो, की आपलं नाक मरतं, देव जाणे.

गॅरेजात दाखवली. "गॅस कमी झालाय" म्हणून गॅस भरला, 2200 रुपये घेतले, वर झरोक्यांतून लिंबाच्या वासाचं काहीतरी फवारून दिलं. चार दिवस लिंबू, पाचव्या दिवशी लिंबू पिळलेली बुरशी. आता म्हणतात डॅशबोर्ड खोलून कूलिंग कॉइल बाहेर काढावी लागेल, आठ-नऊ हजार होतील. पैशांचं एक वेळ सोडा, पण एकदा खोललेला डॅशबोर्ड पुढे जन्मभर करकरतो असं ऐकून आहे. कुणाला अनुभव?

सौ. डिकी
27 जून, रात्री 11:02

आमच्याकडे कापराच्या वड्या छोट्या कापडी पुरचुंडीत बांधून झरोक्याला लटकवतो. शिवाय सीटखाली वाटीत खाण्याचा सोडा. आमचं तरी भागतं.

देवगडचो
27 जून, रात्री 11:09

गाडयेत सुके बांगडे हाडलंस काय रे? खरा सांग.

पावसाळी पाहुणा
27 जून, रात्री 11:15

@देवगडचो, नाही हो! (मे महिन्यात सुकट आणली होती. पण डिकीत, तिहेरी पिशवीत. आणि तो वास मला ओळखता येतो.)

नाकतोडा
28 जून, सकाळी 7:20

पाहुणे, आधी वासाचं नाव नीट सांगा. नुसतं "घाण वास येतो" म्हणणं म्हणजे डॉक्टरपुढे बसून "दुखतंय" एवढंच म्हणणं. मराठीत वासाला शब्द इतके आहेत की निम्मं निदान शब्दातच होतं.

कुबट म्हणजे न वाळलेल्या मोज्यांचा, पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या गोधडीचा वास. तो येत असेल तर कूलिंग कॉइलवर बुरशी आणि जंतूंचा थर धरलाय. हा सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात कमी धोक्याचा. कुजका येत असेल, म्हणजे पोटात ढवळून आणणारा, दिवसागणिक वाढणारा, तर ब्लोअरमध्ये किंवा फिल्टरच्या खोक्यात उंदीर नाहीतर चिचुंद्री मेलीय. तिथे फवारे मारून काही होत नाही, बाहेर काढावीच लागते. आंबूस असेल तर बहुतेक दोष एसीचा नाहीच, मागच्या सीटवर मुलांनी दूध किंवा ताक सांडलेलं असतं आणि एसी तीच हवा फिरवत बसतो. करपट वास घाटात आला तर क्लच, सपाटीला आला तर वायर किंवा पट्टा, आणि तो आला की गाडी बाजूला घ्यायची, चर्चा नंतर. गोडसर असेल तर त्यावर वेगळं बोलू.

तुम्ही शीर्षकात कुबट लिहिलंय. ते विचारपूर्वक लिहिलंय की सहज?

पावसाळी पाहुणा
28 जून, सकाळी 8:05

विचारपूर्वक. अगदी ओले मोजे. बायकोच्या शब्दांत, "वसतिगृहाचा वास".

मिस्त्री
28 जून, सकाळी 9:30

22 वर्षं याच कामात हात काळे केलेत, म्हणून स्पष्ट लिहितो. वासासाठी गॅस भरणं म्हणजे सर्दीसाठी गुडघ्याला प्लास्टर. एसीचा गॅस बंद नळीत फिरतो, पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि तेव्हा गार होणं कमी होतं, कुबट वास येत नाही. तुमच्या वयाच्या गाड्यांत बहुधा आर-134ए असतो, त्याला स्वतःचा वास जवळजवळ नाहीच.

आता तीन प्रश्न. एक, एसी फिल्टर शेवटचा कधी बदलला? दोन, एसी अर्धा तास चालवून गाडी उभी केली की खाली पाणी ठिबकतं का? तीन, डाव्या बाजूला पुढच्या सीटसमोरची चटई उचलून खालच्या गालिच्यावर हात दाबून बघा. कोरडा की ओला?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आधी हवंय.

पावसाळी पाहुणा
28 जून, सकाळी 9:41

पहिल्याचं उत्तर: एसीला फिल्टर असतो?

मिस्त्री
28 जून, सकाळी 9:44

🙏 कळलं सगळं.

ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा, दोन्ही बाजूंनी आत दाबा, तो खाली लोंबेल. मागे आडवं लांबट झाकण दिसेल, त्यात फिल्टर. काढताना बाणाची दिशा कुठे आहे त्याचा फोटो घ्या, नवा त्याच दिशेने बसवायचा. काही जुन्या आणि बेस मॉडेलच्या गाड्यांत फिल्टर नसतो, नुसतं रिकामं खोकं असतं, पण तुमच्यात असावा.

रसायनवाला
28 जून, सकाळी 10:50

पाण्याच्या प्रश्नावर थोडं लिहितो, म्हणजे मिस्त्रींनी तो का विचारला ते कळेल.

कूलिंग कॉइल शून्याच्या थोडीच वर, दोन-पाच अंशांच्या आसपास गार असते. फ्रीजमधली बाटली टेबलावर ठेवली की बाहेरून जशी ओली होते, तशी ही कॉइल सतत ओली होत असते. कोकणातल्या पावसाळी हवेत तासाभरात लिटरभर पाणी सहज निघतं. ते खालच्या तबकात साठतं आणि रबरी नळीने गाडीखाली ठिबकतं. कॉइलच्या पात्या ॲल्युमिनियमच्या, एकमेकींना इतक्या चिकटून की मधे धूळ, परागकण, केस अडकतात. ओल, अंधार आणि धुळीचं जेवण. बुरशीला आणखी काय हवं?

पहिल्या दोन मिनिटांतच वास का येतो? गाडी बंद केल्यावर कॉइल कोमट होते, पाणी हळूहळू उडतं, जंतूंनी तयार केलेली वासाची द्रव्यं डॅशबोर्डच्या पोटात साचतात. ब्लोअर लावला की सगळा साठा एकदम तोंडावर. पुढे कॉइल पुन्हा ओली झाली की बरंचसं त्या पाण्यात दबून राहतं. म्हणून तुमचं नाकही मरत नाही आणि वासही जात नाही, दोन्ही थोडं थोडं.

घाटावरची
28 जून, दुपारी 1:15

धागा पळवते, माफ करा. माझ्या गाडीत वास येतो पण एसी बंद असताना, काचेवरचं धुकं घालवायला गरम हवा लावली की. गोडसर आहे, गुळाच्या पाकासारखा म्हणा. आणि काचेवर आतून तेलकट थर येतो, पुसला की पसरतो. गेल्या आठवड्यात महाबळेश्वरला जाताना समोरचं दिसेना. हाही बुरशीचाच प्रकार का?

मिस्त्री
28 जून, दुपारी 1:22

ताई, नाही. हा कूलंट आहे, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. डॅशबोर्डच्या आत हीटरची छोटी जाळी असते, तिच्यातून इंजिनाचं गरम कूलंट फिरतं. ती गळायला लागली की असा गोड वास येतो आणि काचेवर चिकट थर बसतो. इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे सकाळी, बाटलीतली पातळी बघा. कमी असेल तर खूण पटली. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण चुकूनही उघडू नका, वाफ तोंडावर येते. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे खाली सांडलं तर कुत्री-मांजरं चाटतात. दुरुस्त होईपर्यंत ती गरम हवा वापरू नका आणि घाटात तर ही गाडी नेऊच नका. पातळी उतरत राहिली की इंजिन तापून हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, जाईल, मग आठ-नऊ हजारांचा आकडा स्वस्त वाटेल.

घाटावरची
28 जून, दुपारी 1:25

बापरे. उद्या सकाळीच बघते.

दुबईकर
28 जून, दुपारी 4:40

इथे ऑगस्टमध्ये किनाऱ्याला हवा इतकी दमट की गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते. एसी बाराही महिने. आमचा त्रास वेगळा, फिल्टरमधून वाळू झटकावी लागते. गेल्या वर्षी वास आला तेव्हा ओझोनचं मशीन लावून घेतलं. अर्ध्या तासात वास गायब, तीन महिन्यांनी पुन्हा हजर.

नाकतोडा
28 जून, संध्या. 6:12

ओझोन वास मारतो, ओल मारत नाही. म्हणून तीन महिने. आणि मशीन चालू असताना गाडीत कुणी बसायचं नाही, नंतरही दारं सताड उघडी ठेवून हवा जाऊ द्यायची. ओझोन फुप्फुसांना चांगला नाही. आमच्या इथला एक जण "ताज्या हवेचा वास येतोय" म्हणत लगेच आत बसला आणि संध्याकाळपर्यंत खोकत होता.

त्यापेक्षा फुकटचा उपाय: घरी पोचायच्या दोन-तीन किलोमीटर आधी एसीचं बटण बंद करायचं, पंखा चालू ठेवायचा. कॉइल वाळते. मी तर शेवटची दहा मिनिटं हीटर पूर्ण लावतो, कॉइल तापून बुरशी मरते.

मिस्त्री
28 जून, संध्या. 6:30

पहिलं बरोबर, दुसरं अर्धं. हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाते आणि मग हीटरच्या जाळीतून. तुम्ही हीटर लावला की गरम हवा तुमच्या पायांवर येते, मागे राहिलेल्या कॉइलवर नाही.

रसायनवाला
28 जून, संध्या. 7:05

पण हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबलं तर तीच गरम हवा ब्लोअर पुन्हा ओढून घेतो आणि कॉइलवर टाकतो. म्हणजे नाकतोडाराव चुकून बरोबर आहेत, बटण कुठलं त्यावर अवलंबून.

आणि एक. एसी बंद करून बाहेरची हवा घ्या, हा सल्ला पुण्यात ऑक्टोबरात उत्तम. चिपळूणच्या जुलैत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली. ती गार कॉइलवर आली की आधी आणखी पाणीच सुटेल, आणि कॉइल कोमट झाल्यावरही वाळणं अगदी रडतखडत. तिथे आतली हवा फिरवून हीटर आठ-दहा मिनिटं, मग शेवटी काचा खाली करून ती दमट हवा बाहेर. बुरशी वगैरे मरत नाही त्याने, एवढी उष्णता नसते. कॉइल वाळते इतकंच, पण तेवढंच हवंय.

नाकतोडा
28 जून, संध्या. 7:11

"चुकून बरोबर" हे माझ्या लग्नपत्रिकेवर छापायला हवं होतं.

घाटरस्ता
28 जून, रात्री 9:48

वाचणाऱ्यांत कुणी जुनी गाडी घेणार असेल तर: एसीतून चिखलाचा, नदीकाठच्या मातीचा वास आला तर किंमत विचारूही नका. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या ते डोळ्यांनी पाहिलंय. अशा गाड्या धुऊनपुसून, नवे सीटकव्हर घालून लांबच्या गावी विकायला निघतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीट सरकते त्या पट्ट्यांचा गंज बघा. पाहुण्यांची पहिल्या मालकाची आहे म्हणून सुटले.

पावसाळी पाहुणा
29 जून, सकाळी 11:30

हाजीर.

फिल्टर: सापडला. मूळ रंग पांढरा असावा. आता उन्हाळ्यातल्या कढईचा तळ. घडीघडीत पिंपळाची वाळकी पानं, कबुतराचं एक पीस आणि ज्याला मी आधी गवत समजलो तो कुणाच्यातरी घरट्याचा पाया. सात वर्षांत कुठल्याही सर्व्हिसिंगच्या बिलात हा शब्द नाही, आत्ताच फाइल काढून पाहिली.

पाणी: काल रात्री पार्किंगमध्ये पाऊण तास एसी लावून बसलो. खाली एक थेंब नाही. कोरडी ठणठणीत फरशी.

गालिचा: हात दाबला, बोटांच्या मधून पाणी वर आलं.

मिस्त्री
29 जून, सकाळी 11:38

बसला की मासा जाळ्यात. लिटर-लिटर पाणी खाली जायच्या ऐवजी तबक भरून आत उलटतंय. नळी तुंबलीय. पाणी बोटांवर चोळून बघा, बुळबुळीत आणि गोड वासाचं नाही ना? नसेल तर एसीचंच.

डॅशबोर्ड खोलू नका. गाडी रॅम्पवर किंवा लिफ्टवर चढवा. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली शिरायचं नाही. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून डाव्या बाजूला बोटाएवढी काळी रबरी नळी बाहेर आलेली दिसेल, टोक खाली वळलेलं. तारेने टोचू नका. आत लगेच तबक आणि कॉइल आहे, कॉइलला भोक पडलं की मग खरंच गॅसचा खर्च. नळीचं टोक बोटांनी चेपत चेपत मोकळं करा, नाहीतर पंक्चरवाल्याकडून हवेचा हलका झोत मारून घ्या. तोंड बाजूला ठेवा. हे मी अनुभवाने सांगतोय.

पावसाळी पाहुणा
30 जून, दुपारी 3:10

ओळखीच्या टायरवाल्याकडे लिफ्टवर घेतली. नळीच्या तोंडात माती! चेपली तर खडे पडले आणि मातीची छोटी छोटी खोल्यांसारखी नळकांडी. टायरवाल्याचा पोरगा म्हणाला, "काका, कुंभारमाशी." मे महिन्यात आम्ही तीन आठवडे बाहेर होतो, गाडी चिपळूणला आंब्याखाली उभी. बाईसाहेबांनी तेवढ्यात संसार मांडला.

माती निघाली आणि पाणी असं भळाभळा आलं की पोरगा उडी मारून मागे झाला. काळपट, तेच वसतिगृह. साधारण तांब्याभर तरी असेल. मी फोटो काढत बसलो होतो, शर्टाचं विचारू नका.

देवगडचो
30 जून, दुपारी 3:32

माशी इली ती माशीच, बांगडो नाय तर नाय.

सौ. डिकी
30 जून, दुपारी 4:00

आता तो ओला गालिचा कसा वाळवणार? माझ्या भावाने गाडी उन्हात ठेवली होती, पण ऊन आहे कुठे.

मिस्त्री
30 जून, संध्या. 5:20

गालिचा वरून वाळला तरी फसू नका. खाली जाड नमदा असतो, तो स्पंजासारखं पाणी धरतो. तो ओला राहिला तर एसी चकाचक करूनही कुबट वास राहणार आणि तुम्ही पुन्हा एसीला शिव्या देणार. सीट खोलायची वेळ आली तर स्वतः करू नका. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात, ते एअरबॅगचे. बॅटरी काढल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. शक्यतो गालिचा कडेने उचलून, पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने काढून घ्या आणि मग खाली वर्तमानपत्राचे बोळे घाला. दर चार तासांनी बदला. टेबल फॅन आत लावा.

कॉइल फेसाने धुवायचं ते त्यानंतर. नळी मोकळी नसताना फेस मारणारे खूप आहेत. तो सगळा मैला मग गालिच्यात.

रसायनवाला
30 जून, संध्या. 6:45

फेसाबद्दल: एसी कॉइलसाठीचाच डबा घ्या. फिनेल, डेटॉल, ब्लीच असलं घरचं काही नको. ब्लीच ॲल्युमिनियम खातं, आणि डेटॉलचा वास दिवाळीपर्यंत जात नाही, गाडीत बसलं की ड्रेसिंग करायला आल्यासारखं वाटतं. फिल्टर काढून ठेवा, एसी बंद. डब्याची लांब नळी कॉइलच्या दिशेने जाईल अशी घाला, ब्लोअरच्या मोटरवर नाही. स्पिरिट असलेले फवारे ब्लोअर चालू ठेवून मारू नयेत, त्याचा रेझिस्टर (वेग कमी-जास्त करणारा भाग) तापतो आणि वाफ पेट घेऊ शकते. पंधरा-वीस मिनिटं थांबा, खाली राखाडी पाणी येईल. मग काचा उघडून पंखा दहा मिनिटं. नवा फिल्टर सगळ्यात शेवटी. कोळशाचा घेतला तर वास थोडा शोषतो, पण कोळसाही भरतो, वर्षाने बदलायचाच.

सीएनजीवाला
30 जून, रात्री 8:15

एक भर. आमच्यासारख्या सीएनजी गाड्यांत कुजक्या कांद्या-अंड्यासारखा वास आला तर तो एसीच्या धाग्यात शोधत बसू नका. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. गाडी थांबवा, बंद करा, दारं उघडा, सगळ्यांना उतरवा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. काडी, लायटर, मोबाइलची चाळवाचाळव काही नको.

घाटावरची
1 जुलै, दुपारी 12:20

मिस्त्री, कूलंट खालच्या रेघेच्याही खाली होतं. हीटरची जाळीच गळत होती. माझ्या गाडीत मात्र डॅशबोर्ड खोलावाच लागणार. करकरला तर करकरला. तुम्ही सांगितलं नसतं तर मी शनिवारी पुन्हा महाबळेश्वरला निघाले होते.

मिस्त्री
1 जुलै, दुपारी 12:31

खोलताना प्रत्येक क्लिप आणि स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवायला सांगा आणि तुटलेल्या क्लिप नव्या घालून घ्या. डॅशबोर्ड करकरतो तो खोलल्याने नाही, चार क्लिप कमी लावल्याने.

पावसाळी पाहुणा
6 जुलै, रात्री 9:55

हिशोब देतो. फिल्टर 380, फेसाचा डबा 550, गालिचा ओढून घेतला 700, टायरवाल्याच्या पोराला चहा आणि वडापाव. पंखा आणि वर्तमानपत्र तीन रात्री. त्यात एका रात्री टेबल फॅनची वायर पार्किंगमधून लावली म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींचं एक भाषण.

वास नव्वद टक्के गेला. उरलेले दहा टक्के काय म्हणून शोधत होतो, शेवटी डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात सापडले. तिहेरी पिशवीतली एक पिशवी फाटली होती आणि मूठभर सुकट तिथे मे महिन्यापासून सुखाने नांदत होती. @देवगडचो, साष्टांग नमस्कार.

देवगडचो
6 जुलै, रात्री 9:58

😂😂 माका म्हायत होता!

पावसाळी पाहुणा
7 जुलै, सकाळी 8:40

आज सकाळी वॉचमन धावत वर आले. "साहेब, तुमच्या गाडीखाली पाणी गळतंय, बघा लवकर, काल रात्रीपासून थारोळं झालंय." मी आनंदाने इतका हसलो की ते घाबरून खाली गेले.